बॅटरी एप्रिलमध्येच थकली होती

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यातली ती सकाळ होती. निफाडला पारा पाच अंशांच्या खाली उतरल्याची बातमी आदल्या दिवशीच्या पेपरात आली होती आणि नाशिकमधल्या मखमलाबादकडच्या आमच्या सोसायटीतही मळ्यांवरून येणारा गारवा कानटोपीतून आत शिरत होता. सहाच्या सुमारास दूध आणायला म्हणून मी खाली आलो, मोटारसायकलवरचे कापड काढले, चावी फिरवली, न्यूट्रलचा हिरवा दिवा लागलेला पाहिला आणि बटन दाबले. इंजिनाची ओळखीची घरघर काही उठली नाही. सीटखालून ‘टक्क’ असा एकच कोरडा आवाज आला आणि तो हिरवा दिवा क्षणभर विझल्यासारखा होऊन पुन्हा लागला. दुसऱ्यांदा दाबले, तेच. तिसऱ्यांदा दाबण्याचा मोह मी आवरला, कापड परत घातले आणि डेअरीपर्यंत चालत गेलो.

गाडी २०१२ सालची, दीडशे सीसीची, कार्ब्युरेटरवाली आहे. तिला किक आहे आणि एरवी बटनाने दगा दिला तरी दोन किकमध्ये तिने कधी नाही म्हटलेले नाही. पण दोन वर्षांपूर्वी माझ्या उजव्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली आणि डॉक्टरांनी किक मारायला कायमची मनाई केली, त्यामुळे माझ्यापुरती तरी ती गाडी आता बटनाचीच आहे. नव्या गाड्यांवर फिरणाऱ्या तरुणांची स्थिती याहून वेगळी नाही. १ एप्रिल २०२० पासून गाड्यांच्या धुरावर मर्यादा घालणारे भारत स्टेज सहाचे नियम लागू झाले, फ्युएल इंजेक्शन सर्रास आले, आणि इंजेक्शनच्या गाडीत पेट्रोलचा पंपही बॅटरीवर चालतो आणि सारे ठरवणारा ईसीयू नावाचा छोटा संगणकही. त्यातल्या अनेक गाड्यांना किकच दिलेली नाही. शिवाय १ एप्रिल २०१७ नंतरच्या गाड्यांचा हेडलाइट इंजिन चालू असेपर्यंत पेटलेलाच राहतो. माझ्या तरुणपणी बॅटरी म्हणजे हॉर्नची आणि इंडिकेटरची सोय होती. ती नसली तरी गाडी धावत असे. आज तिच्याशिवाय गाडी जागची हलत नाही, आणि तरीही तिच्याकडे लक्ष जाते ते ती बसल्यावरच.

दूध घेऊन परतलो तेव्हा सोसायटीतले एक स्नेही खाली उभे होते. सारी हकीकत ऐकून ते म्हणाले, “थंडी आहे हो. थंडीत बॅटऱ्या बसतातच. नवी टाका आणि मोकळे व्हा.” हे वाक्य मी आयुष्यभर ऐकत आलो आहे, स्वतःही कितीतरी जणांना ऐकवले आहे. त्या दिवशी मात्र ते मला पटले नाही, कारण एकतीस वर्षे मी सातपूरच्या एका कारखान्यात तपासणी विभागात काढली आहेत. तिथे मायक्रोमीटर लावल्याशिवाय एखाद्या शाफ्टला चांगला किंवा वाईट म्हणण्याची आम्हाला मुभा नव्हती. असे असताना घरातल्या गाडीच्या बॅटरीला मात्र मी इतकी वर्षे नुसत्या अंदाजावर चांगली किंवा वाईट ठरवत आलो होतो, हे त्या सकाळी मला फार लागले.

चहा झाल्यावर व्होल्टेज मोजणारा मल्टिमीटर घेऊन खाली आलो. साइड पॅनल काढले, मीटर डीसीच्या वीस व्होल्टवर ठेवला, लाल टोक पॉझिटिव्हला आणि काळे निगेटिव्हला लावले. आकडा आला १२.३८. बारा व्होल्टच्या बॅटरीत सहा सेल असतात आणि पूर्ण भरलेला प्रत्येक सेल २.१ व्होल्टच्या आसपास देतो, म्हणून भरलेली, रात्रभर विश्रांती घेतलेली बॅटरी १२.६ ते १२.८ दाखवते. १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी, आणि १२ वर आली की तिच्यात पाव भागाच्या आसपासच उरले असे धरतात. हा आकडा सकाळी, गाडी सुरू करण्यापूर्वी घ्यावा लागतो. नुकत्याच फिरवून आणलेल्या गाडीवर मीटर लावला तर प्लेटांच्या पृष्ठभागावर साठलेला वरवरचा चार्ज खोटे समाधान देतो. माझे स्नेही मीटरकडे वाकून म्हणाले, “मग बरी आहे की! जवळजवळ साडेबारा दाखवतोय.”

बहुतेक जण याच आकड्यावर थांबतात. मी त्यांना बटन दाबायला सांगितले आणि टोके तशीच धरून ठेवली. ‘टक्क’ झाले, आणि १२.३८ चे एका क्षणात ८.१ झाले, बटन सोडताच आकडा हळूहळू वर सरकत बाराच्या पुढे गेला. स्टार्टर मोटर फिरताना ठीक असलेली बॅटरी साडेनऊ-दहाच्या खाली जात नाही. दोन्ही आकडे एकाच बॅटरीचे आणि एकाच मिनिटातले, पण त्यांचा अर्थ निराळा. आमच्या सोसायटीच्या गच्चीवर पाण्याची टाकी आहे. तिची काच पाहिली तर पाणी दिसते. पण खाली येणारा पाइप क्षारांनी आतून अरुंद झाला की तिसऱ्या मजल्यावरच्या नळाला करंगळीएवढी धार येते. स्वस्थ बसलेल्या बॅटरीचे व्होल्टेज म्हणजे टाकीची काच. स्टार्टरला काही क्षण कित्येक अँपिअरचा लोंढा लागतो, आणि तो देता येतो की नाही हे बटन दाबल्यावरच कळते.

तरीही मी लगेच बॅटरीला दोष दिला नाही, त्याला एक जुने कारण आहे. साडेतीन वर्षांपूर्वी वणीहून परतताना गाडी अशीच टक्क करून थांबली होती. रस्त्यालगतच्या एका दुकानदाराने मीटरला हातही न लावता बॅटरी गेल्याचे सांगितले, माझ्यासमोर कोऱ्या बॅटरीत अ‍ॅसिड ओतले, दहा मिनिटांत ती बसवली आणि जुनी ठेवून घेतली. महिन्याभराने तोच त्रास पुन्हा सुरू झाला. तेव्हा आमच्या मिस्तरींनी इंजिनाखालून आलेल्या अर्थिंगच्या वायरीचा गंजलेला बोल्ट काढून दाखवला. कानसेने घासून तो परत आवळला आणि गाडी पहिल्या दाबात सुरू झाली. म्हणजे जी बॅटरी मी त्या दुकानात ठेवून आलो, ती बहुधा धडधाकट होती. पैशांचे मला तेव्हा वाटले तेवढे आज वाटत नाही. पण मोजमापात उभा जन्म घालवलेला माणूस तिथे उभा असताना कोणीही काहीही मोजले नाही आणि घाईत असल्यामुळे मीही गप्प राहिलो, याची खंत अजून आहे.

म्हणून या वेळी आधी जोड तपासले. पॉझिटिव्हच्या टोकावर पांढरट-हिरवी बुरशीसारखी पूड चढली होती. दहाचा पाना घेऊन आधी निगेटिव्ह सोडवले आणि मग पॉझिटिव्ह. हा क्रम चुकवू नये. गाडीचा सारा सांगाडा निगेटिव्हला जोडलेला असतो. निगेटिव्ह तशीच ठेवून पॉझिटिव्हच्या बोल्टला पाना लावला आणि पान्याचे दुसरे टोक फ्रेमला टेकले, तर जागच्या जागी शॉर्ट होऊन ठिणग्या उडतात. बसवताना हेच उलट करायचे, आधी पॉझिटिव्ह आणि शेवटी निगेटिव्ह. गरम पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा घालून जुन्या टूथब्रशने टोके घासली. ती पूड फसफसत विरघळली आणि खालचे शिसे करड्या रंगाने चमकू लागले. सारे कोरडे करून बोल्ट आवळले, वरून व्हॅसलिनचा हात दिला. मग मीटरचे एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरे इंजिनाच्या उघड्या धातूला लावून पुन्हा बटन दाबले. या दोन बिंदूंमध्ये पाव व्होल्टहून अधिक फरक दिसला तर अर्थिंगमध्ये खोट आहे असे समजावे. आला ०.०८. वायर निर्दोष होती.

उरली चार्जिंगची बाजू. सिडकोत राहणाऱ्या भाच्याकडून छोटा चार्जर आणला. बॅटरी ९ एएचची, म्हणजे नऊ अँपिअर-तास साठवणारी, तेव्हा तिच्या दहाव्या हिश्शाने, म्हणजे ०.९ अँपिअरने, रात्रभर गॅलरीत चार्जिंगला लावली. गॅलरीत अशासाठी, की चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन सुटू शकतो आणि बंद खोलीत तो साठू देणे धोक्याचे असते. दुसऱ्या सकाळी बॅटरी गाडीत परत बसवली आणि गाडी सुरू झाली. इंजिन जरा चढवून हेडलाइट लावून पाहिले, तर मीटर १४.१ वर स्थिर होता. साडेतेरा ते साडेचौदा ही योग्य मर्यादा. त्याहून कमी आला तर बॅटरी उपाशी राहते, आणि पंधराच्या वर गेला तर चार्जिंगचे व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर बिघडून ती आतल्या आत शिजते. अशा गाडीत कितीही नवी बॅटरी घातली तरी काही महिन्यांत तिची तीच गत होणार. माझ्या गाडीचा रेग्युलेटर उत्तम होता. तिला चोवीस तास स्वस्थ ठेवले आणि तिसऱ्या सकाळी पुन्हा मोजले: विश्रांतीत १२.४१, बटन दाबल्यावर ८.६. पुरेपूर भरूनही ती एका दिवसात उतरली होती. आता मात्र शंका उरली नाही.

पण ती गेली कधी? हा प्रश्न मला त्यानंतर अनेक दिवस पुरला.

१८५९ मध्ये गास्तों प्लाँते या फ्रेंच शास्त्रज्ञाने शिशाच्या पत्र्यांची गुंडाळी सौम्य गंधकाम्लात बुडवून पुन्हा पुन्हा भरता येणारी पहिली बॅटरी तयार केली, आणि आपल्या सीटखालची बॅटरी अजून त्याच घराण्यातली आहे. वीज देताना तिच्या दोन्ही प्लेटांवर लेड सल्फेट तयार होते आणि आम्ल पातळ होत जाते. भरताना ते सल्फेट पुन्हा शिशात आणि शिशाच्या ऑक्साइडमध्ये परतते आणि आम्ल घट्ट होते. जाण्यायेण्याचा हा खेळ वेळेवर चालू राहिला तर सल्फेटचे कण बारीक राहतात आणि मुकाट्याने परत फिरतात. अर्धवट उतरलेली बॅटरी तशीच पडून राहिली, तर तेच कण जुळून मोठे, कठीण स्फटिक होतात, आणि प्लेटेचा तेवढा भाग कायमचा निकामी होतो. दुसरीकडे उष्णता पॉझिटिव्ह प्लेटेची जाळी गंजवत असते. तापमान दहा अंशांनी चढले की अशा बॅटरीचे आयुष्य निम्म्यावर येते, हा या धंद्यातला जुना ठोकताळा आहे.

आता माझ्या गाडीचे वर्ष डोळ्यांसमोर आणा. आमचे पार्किंग पत्र्याच्या शेडखाली आहे. एप्रिल-मेमध्ये नाशिकचा पारा चाळिशीला टेकतो, दुपारी दोनला त्या पत्र्याखाली उभे राहवत नाही, आणि गाडी तिथे दिवसभर उभी असते. त्या दिवसांत बॅटरी झिजत असते. पण उष्णतेत आतल्या रासायनिक क्रियेचा वेग वाढलेला असतो, इंजिनातले ऑइलही पातळ असते, त्यामुळे थकलेली बॅटरीसुद्धा पहिल्या दाबात गाडी उठवते आणि कोणाला काही कळत नाही. पावसाळा त्याच आधारावर निघून जातो. जानेवारीत मात्र रासायनिक क्रिया मंदावते, बॅटरीची द्यायची ताकद घटते, ऑइल घट्ट होऊन इंजिन फिरवायला जड जाते, आणि नेमकी त्याच सकाळी स्टार्टरची मागणी सर्वांत मोठी असते. दुखणे एप्रिलमध्ये जडलेले, उघडकीस आले जानेवारीत. आपण दोष देतो थंडीला, कारण तीच समोर दिसते.

दुसरे कारण मान्य करायला मला अधिक वेळ लागला. नोकरीत असताना ही गाडी रोज मखमलाबादहून सातपूरला जात असे आणि संध्याकाळी परत येत असे; सलग चालायची, वेगात चालायची, आणि सकाळी बटनाने जे काढून घेतले ते कारखान्याच्या गेटापर्यंत व्याजासह परत मिळायचे. निवृत्तीनंतर ती फक्त डेअरीपर्यंत जाते, कधी भाजीला, कधी बँकेत. अडीच किलोमीटरच्या फेरीत तीन वेळा थांबायचे, तीन वेळा बटन, आणि उरलेल्या वेळात मंद चालणारे इंजिन. आयडलवर चार्जिंग जेमतेम होते आणि ब्रेकचा दिवा, हॉर्न यांतच ते खर्ची पडते. मुलाकडे पुण्याला गेलो की ती तीन-तीन आठवडे हलतही नाही. गाडीच्या स्पीडोमीटरमधले घड्याळ तेवढ्या काळात थेंब थेंब घेतच असते. एक मिलीअँपिअरचा झिरपा महिन्याला ०.७२ एएच होतो, म्हणजे नऊमध्ये फारसा नाही. पण कोणी चोरीचा अलार्म किंवा जीपीएस बसवला आणि तो दहा मिलीअँपिअर घेऊ लागला, तर महिन्यात सात एएचच्या वर जातात आणि बॅटरी जवळजवळ रिकामी होते. माझी समजूत अशी होती की मी गाडीला आराम देतो आहे. इंजिनाला, टायरला, चेनला तो आराम असेलही. बॅटरीला तो मानवला नाही.

नवी बॅटरी घ्यायला वडाळा नाक्याकडे गेलो. दुकानातला तरुण चटपटीत होता आणि त्याने आधी गाडी कोणती हे विचारले, जे मला आवडले. मी चार गोष्टी ठरवून गेलो होतो. बॅटरी गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेल्या ९ एएचचीच हवी. मोठी बॅटरी खोबणीत नीट बसत नाही. पॉझिटिव्ह कोणत्या बाजूला आहे ते जुन्या बॅटरीशी ताडून पाहायचे, कारण बाजू उलटी असली की वायर ताणून जोडावी लागते आणि ती फ्रेमला घासते. उत्पादनाचा महिना पाहायचा. आणि हमीच्या कार्डावर तारीख आणि शिक्का समोर घालून घ्यायचा. त्यात किती महिने फुकट बदलून मिळते आणि किती महिने वापराच्या प्रमाणात पैसे कापून, हेही विचारून घ्यायचे. त्याने दाखवलेली पहिली बॅटरी आठ महिन्यांपूर्वीची, भरून ठेवलेली होती. मी नको म्हटल्यावर त्याने जराही वाद न घालता आतून कोरडी बॅटरी आणि तिच्याबरोबरचा सहा नळ्यांचा अ‍ॅसिडचा पॅक आणला.

“काका, दहा मिनिटं बसा, लगेच लावून देतो,” तो म्हणाला. वणीच्या रस्त्यावरची ती दहा मिनिटे मला आठवली. मी त्याला म्हटले, “मला घाई नाही. अ‍ॅसिड मुरू द्या, मग मंद चार्जिंगला लावा. मी संध्याकाळी येतो.” त्याने एकदा माझ्याकडे पाहिले, मग हातमोजे चढवले आणि पॅक बॅटरीच्या तोंडांवर उलटा दाबला. सहाही नळ्यांतून बुडबुडे वर चढू लागले आणि आम्ल गटगट आवाज करत खाली उतरले. कोरड्या प्लेटा आणि त्यांच्यामधली काचतंतूंची गादी आम्ल शोषून घेते, त्याला निदान अर्धा तास लागतो. त्यानंतरच्या पहिल्या मंद चार्जिंगवर तिची पुढची ताकद बरीचशी ठरते. मग झाकणाची पट्टी दाबून बसवायची, आणि या सीलबंद प्रकारच्या बॅटरीचे झाकण पुन्हा कधीही उघडायचे नाही, पाणीही घालायचे नाही. पाणी घालण्याची बॅटरी वेगळी. तिच्या पारदर्शक अंगावर वरची आणि खालची अशा दोन रेघा असतात आणि त्यांच्यामध्ये पातळी राखण्यासाठी फक्त डिस्टिल्ड वॉटर चालते. माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांनी अशा बॅटरीत नळाचे पाणी घातले होते. नळाच्या पाण्यातले क्षार प्लेटांचे नुकसान करतात. कमी झालेले असते ते पाणी, म्हणून अ‍ॅसिडही वरून घालायचे नसते.

जुनी बॅटरी काउंटरवर ठेवली. त्या करड्या ठोकळ्याच्या वजनाचा मोठा वाटा शिशाचा असतो, ते शिसे वितळवून पुन्हा नव्या प्लेटा होतात, म्हणून दुकानदार जुनीचे पैसे नवीच्या किमतीतून वजा करतो. ती भंगारवाल्याला किंवा घंटागाडीत देणे मात्र चुकीचे आहे. आम्ल गटारात ओतून शिसे काढून घेणारी माणसे आजही आहेत आणि ते गटार शेवटी गोदावरीलाच मिळते. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी उत्पादकांवर जुन्या बॅटऱ्या परत घेऊन पुनर्वापराला पाठवण्याची जबाबदारी टाकली आहे. पावतीवर ‘जुनी जमा’ असे लिहून घेतले.

संध्याकाळी बॅटरी घरी आणून मीच बसवली. आधी खोबणीतली धूळ पुसली, रबरी पट्टा तपासला, कारण सैल बॅटरी रस्त्याच्या हादऱ्यांनी आतून तुटते. पॉझिटिव्ह आवळली, तिच्यावर लाल टोपी चढवली, मग निगेटिव्ह. विश्रांतीत १२.८१. बटन दाबले तेव्हा आकडा ११.२ पर्यंत उतरला आणि तो वाचून होण्याआधीच इंजिन चालू झाले होते. साइड पॅनलच्या आतल्या बाजूला कागदाची पट्टी चिकटवून त्यावर तारीख आणि हे दोन आकडे लिहिले.

आता दर रविवारी सकाळी आम्ही दोघे त्र्यंबक रोडने अंजनेरीच्या पायथ्यापर्यंत जाऊन येतो. सौभाग्यवतींनी पहिल्या रविवारी विचारले होते की एकाएकी ही सहल कशी सुचली. मी खरे तेच सांगितले: आठवड्यातून एकदा तरी गाडी अर्धा-पाऊण तास सलग चालायला हवी. त्यांनी थर्मासमध्ये चहा भरला आणि मागे बसल्या. गाडी उभी करण्याची जागाही मी बदलली आहे. शेडच्या पश्चिमेच्या कडेला आंब्याची सावली येते, तिथे पत्रा कमी तापतो. काल, एप्रिलच्या पहिल्या सोमवारी, सकाळी मोजले तेव्हा १२.७६ आले. पट्टीवर तोही आकडा लिहिला आहे, आणि खाली मे महिन्यासाठी जागा सोडली आहे.